जरा हलू नका

ब्लॅकहेड ज्याच्या नाकावर असतो त्याला त्याचा काडीचाही त्रास नसतो. तो दुखत नाही, खाजत नाही, रात्रीची झोप मोडत नाही. त्याच्यापायी कुणाचं प्रमोशन अडल्याचं किंवा बँकेनं कर्ज नाकारल्याचं ऐकिवात नाही. त्रास होतो तो समोर बसलेल्याला. आजार एकाला आणि कळा दुसऱ्याला, असा हा वैद्यकशास्त्रातला एकमेव प्रकार असावा. घोरणं धरलं तर दुसरा.

म्हणून या बाबतीत घराघरांत दोन पक्ष असतात. एक काढणाऱ्यांचा आणि दुसरा ज्यांचे काढले जातात त्यांचा. कोण कुठल्या पक्षात हे जन्मतःच ठरलेलं असतं आणि मरेपर्यंत बदलत नाही. महाराष्ट्रात पक्षांतर होत नाही असं हे एवढं एकच क्षेत्र आता शिल्लक आहे.

काढणाऱ्या पक्षाचा माणूस ओळखणं सोपं. तुम्ही त्याला काहीतरी गंभीर सांगत असता. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बिल्डरनं लांबवलेला फ्लॅटचा ताबा, असलं काही. तो एकटक तुमच्याकडे बघत असतो. तुम्हाला वाटतं, काय मन लावून ऐकतोय! मग लक्षात येतं, त्याची नजर तुमच्या डोळ्यांवर नाहीच, दीड इंच खाली आहे. तुम्ही बिल्डरच्या तिसऱ्या आश्वासनापर्यंत आलेले असता, तेवढ्यात तो म्हणतो, "एक मिनिट हं," आणि त्याचे दोन्ही अंगठे नखं परजून पुढे येतात.

या पक्षात बहिणी बऱ्याच, बायका त्याहून जास्त आणि आया सर्वांत जास्त. पुरुष कमी, पण जे असतात ते कडवे.

कार्यक्रम बहुधा रविवारी सकाळी असतो. स्थळ गॅलरी, कारण तिथे उजेड असतो. "उजेडात ये" हे दोन शब्द कानावर पडले की दुसऱ्या पक्षाचा माणूस निमूटपणे पेपराची घडी घालतो आणि उठतो. हत्यारं घरचीच असतात. केसांचा आकडा, साडीची पिन, भुवयांचा चिमटा, आणि नखं तर देवानं दिलेलीच आहेत. मोबाइलचा टॉर्च धरायला घरातलं एखादं पोर आनंदानं तयार होतं. एरवी त्याला पाण्याचा ग्लास आणायला चार हाका माराव्या लागतात.

"वर बघ. एवढं नको. आता खिडकीकडे. श्वास घे रे, पण हलू नकोस."

"आई गं, दुखतंय."

"अजून मी हातसुद्धा लावलेला नाही."

"लावणार आहेस ना, त्याचं दुखतंय."

"केवढा आहे हा! वर्षभर तरी सांभाळला असशील. थांब, येतोय, येतोय... आला!"

त्या 'आला!'मध्ये जो आनंद असतो तो दहावीचा निकाल बघतानाही त्या माऊलीच्या आवाजात आलेला नसतो. मग नख पुढे येतं. "हे बघ." बघण्यासारखं तिथे फार नसतं. मिलिमीटरभर लांबीचं, एका टोकाला काळं आणि बाकी पिवळट असं काहीतरी चष्म्याशिवाय दिसतही नाही. पण बघावं लागतं. नुसतं बघून चालत नाही, "बापरे" म्हणावं लागतं. टॉर्चवालं पोर ते मनापासून म्हणतं.

आता नखावर जे आलं ते आहे काय? घरगुती मत असं की ती घाण. रस्त्यावरची धूळ, लोकलमधली गर्दी, बांधकामांचं सिमेंट, यातलं जे नाकाला चिकटलं ते आत जाऊन बसलं. हे मत इतकं पक्कं आहे की ब्लॅकहेडवाला मुलगा दिसला की त्याला लगेच "तोंड धुऊन ये" असं सांगतात. बिचारं पोर नुकतंच धुऊन आलेलं असतं.

खरा प्रकार पूर्णपणे घरचाच आहे. चेहऱ्याच्या कातडीत दर चौरस सेंटीमीटरला 400 ते 900 तेलग्रंथी असतात. त्या सीबम नावाचं तेल तयार करतात आणि ते केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रातून वर येतं. त्या छिद्राच्या आतल्या भिंतीवरच्या मेलेल्या पेशी सुट्या होऊन बाहेर पडायला हव्यात. काही वेळा त्या पडत नाहीत. एकमेकींना धरून बसतात, तेलात कालवल्या जातात आणि छिद्राला बूच बसतं. वरून कातडीचा पापुद्रा राहिला तर तो व्हाइटहेड. तोंड उघडं राहिलं तर बुचाच्या टोकाला हवा लागते, त्यातलं मेलॅनिन आणि तेल काळवंडतं, आणि तो ब्लॅकहेड. चिरलेलं वांगं पाण्यात टाकायचं विसरलं की जे होतं, तेच. वांगं काळं पडलं म्हणून ते न धुतल्याचा आरोप कुणी करत नाही. नाकावर मात्र होतो. आणि मग तो आरोप धुऊन काढायला माणूस दिवसातून सहा वेळा साबण फासतो, खसाखसा घासतो, कातडी लाल करून घेतो. ब्लॅकहेड जागचा हलत नाही. त्याचं मूळ आत आहे, साबण वर चाललाय.

याहून मोठी गंमत पुढे आहे. नाकाच्या शेंड्यावर आणि पाळ्यांवर जे बारीक बारीक करडे ठिपके ओळीनं दिसतात, ज्यांच्यावर घरोघरच्या मोहिमा चालतात, ते बऱ्याचदा ब्लॅकहेड नसतातच. त्वचारोगतज्ज्ञ त्यांना सीबेशियस फिलामेंट म्हणतात. तेल वर आणून सोडण्याची ती नेहमीची व्यवस्था आहे आणि ती प्रत्येक माणसाला असते. दाबलं की त्यातून पांढरी बारीक तार निघते, काढणाऱ्याला धन्य वाटतं, आणि महिनाभरात ती जागा पुन्हा भरते. म्हणजे वर्षानुवर्षं दर महिन्याला आपण ज्यांना हुसकावतोय ते घुसखोर नव्हतेच. त्यांचा सातबारा तिथलाच होता.

पण हे काढणाऱ्या पक्षाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर उत्तर येतं, "असू दे. दिसतात ना?"

दिसतात कुणाला, हा प्रश्न खरं तर विचारायला हवा. हल्ली दहापट मोठं दाखवणारे आरसे मिळतात. काही हॉटेलांच्या बाथरूममध्ये भिंतीला लावलेलेच असतात. माणूस सहलीला जातो, समुद्र बघतो, सुरमई खातो, रात्री दात घासताना सहज त्या आरशात डोकावतो आणि उरलेली सहल चंद्राच्या पृष्ठभागाचा विचार करत घालवतो. कातडीचे डॉक्टर म्हणतात, असला आरसा घरात ठेवूच नका. तुमचं नाक दहापट मोठं करून बघणारं जगात कुणीही नाही. लग्न झालेलं असेल तर एकच आहे.

मोहीम आरशाकडून निघते ती सरळ स्वयंपाकघरात जाते. मराठी माणसाचा स्वयंपाकघरावर फार विश्वास. हळद, बेसन, लिंबू, मध, साखर, सोडा, टोमॅटो, दही. या यादीतून ढोकळा होईल की नाक साफ होईल हे शेवटपर्यंत सांगता येत नाही. आजीचं डाळीचं पीठ त्यातल्या त्यात सज्जन. त्यानं ब्लॅकहेड जात नाही, पण नाकही जात नाही. दिवाळीचं उटणंही तसंच. पहाटेच्या अंधारात आईच्या हाताचा जोर सोडला तर त्यात अपायकारक काही नसतं.

लिंबाचं तसं नाही. लिंबाचा सामू दोनच्या आसपास असतो आणि कातडीचा पाचच्या आसपास. तीनाचाच तर फरक, असं वाटतं. पण या मोजपट्टीवर प्रत्येक पायरी दहापटीची असते. तेव्हा लिंबू कातडीपेक्षा हजारपट आम्ल झालं. शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, कधी फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. खायचा सोडा उलट्या दिशेनं तेच करतो. एकानं जळजळलं म्हणून दुसरं लावणारेही आहेत. शाळेत आम्ल आणि अल्कली मिळून मीठ आणि पाणी होतं एवढंच लक्षात राहिलं की असं होतं. टूथपेस्ट लावणारे वेगळेच. ती दातांसाठी असते. नाकाला दात नसतात.

अंड्याचं पांढरं लावून त्यावर टिश्यू पेपर चिकटवायचा आणि वाळला की ओढायचा, हा प्रकार सगळ्यांत क्रांतिकारक. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरात अंडं ओट्यावर चढलं नाही, तिथे ते थेट मुलीच्या नाकावर चढलं. आजीनं विचारलं तर "फेसपॅक आहे" म्हणायचं. निघते फक्त बारीक लव.

वाफेबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत असतं. पातेल्यात पाणी उकळा, डोक्यावर टॉवेल घ्या, वाफेनं छिद्रं उघडतात, मग काढा आणि नंतर बर्फ लावून छिद्रं बंद करा. ऐकायला हे इतकं पद्धतशीर वाटतं की शंका घेणंच उद्धटपणाचं ठरावं. फक्त छिद्रांना दार नसतं. उघडझाप करणारा स्नायू नसतो, बिजागरी तर नसतेच नसते. ऊब लागली की बूच थोडं मऊ होतं, एवढंच. ते काम साध्या कोमट पाण्याच्या आंघोळीनंही होतं आणि त्यात पातेलं मांडीवर सांडायची भीती नसते.

बाजारानं मग यातला खरा मुद्दा ओळखला. माणसाला ब्लॅकहेड जायला नको असतो, त्याला तो निघालेला बघायचा असतो. जपानच्या काओ कंपनीनं 1990च्या दशकात नाकावर चिकटवायच्या पट्ट्या आणल्या आणि जगभर खपवल्या. पट्टी ओल्या नाकावर लावायची, वाळून कडक झाली की सोलायची. सोललेली पट्टी खिडकीशी धरून तिरपी करून बघताना माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव असतात ते एरवी शेअर बाजार वर गेल्यावर दिसतात. घरातले सगळे आळीपाळीनं ती बघतात. "तुझी बघू. माझ्यावर जास्त आलेत." पट्टीवर वरवरची टोकं येतात, तारा येतात, लव येते. मूळ बहुतेक तिथेच राहतं. पण प्रदर्शन छान होतं.

कोळशाच्या काळ्या मास्कनं हेच काम अख्ख्या चेहऱ्यावर करायला घेतलं. तो सोलताना लोक जे ओरडतात त्यावरून त्यात काहीतरी निघत असणार अशी बघणाऱ्याची खात्री पटते. निघतं. कातडीचा वरचा थर निघतो. काही बहाद्दरांनी कोळशाच्या पुडीत शाळेच्या दप्तरातला गोंद कालवून घरीच तो बनवला. त्याबद्दल काय बोलायचं.

आणि ज्यांना स्वतःचंही नाक नको आणि दुसऱ्याचंही हाताशी नाही, त्यांची सोय कॅलिफोर्नियाच्या डॉ. सॅन्ड्रा ली यांनी केली. या कातडीच्या डॉक्टर. पेशंटचे फोड, गाठी आणि ब्लॅकहेड काढतानाचे व्हिडिओ त्या टाकू लागल्या आणि लक्षावधी माणसं ते जेवताना बघू लागली. 2018 पासून तर त्यांचा टीव्हीवर कार्यक्रमच सुरू झाला. दुसऱ्याच्या नाकात नाक खुपसण्याची माणसाची हौस इतकी शब्दशः कुणी पुरवली नव्हती.

आमच्या सोसायटीतल्या एका काकू त्यांच्या भक्त आहेत. बँकेतून निवृत्त झाल्या. चष्मा जाड, हात स्थिर, नोटा मोजून मोजून बोटांना नजर आलेली. मेथी निवडता निवडता त्या व्हिडिओ बघतात आणि मध्येच म्हणतात, "अगं बाई, बाजूनं घे, बाजूनं!" काका पाटबंधारे खात्यात होते. उभी नोकरी कालव्यांच्या कामावर, उन्हात, टोपी न घालता आणि विडी न विझवता गेली. परिणामी काकांच्या डोळ्यांच्या कडांना आणि गालफडांवर असे ठळक ब्लॅकहेड आहेत की काकू लग्नसमारंभात त्यांना दिव्याखाली बसू देत नाहीत. स्वतःचा संयम सुटेल म्हणून.

"अहो, जरा हलू नका," हे वाक्य त्यांच्या घरातून इतक्या वेळा ऐकू येतं की मजल्यावरची लहान मुलं ते खेळात वापरतात.

एकदा काकूंनी एक ब्लॅकहेड नेटानं काढला. सुजला, पिकला, मग खपली धरली आणि खपली गेल्यावर तिथे तपकिरी डाग उरला. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीची ही खोडच आहे. जरा कुठे सूज आली की ती जागा काळी करून ठेवते आणि तो डाग महिनोन्‌महिने जात नाही. ब्लॅकहेड हातभर अंतरावरून दिसत होता, डाग हॉलच्या त्या टोकावरून दिसू लागला. काका मेडिकलमध्ये जाऊन "डागावर काहीतरी द्या" म्हणाले आणि एक ट्यूब घेऊन आले. नशिबानं काकूंच्या भाचीनं तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. त्यात स्टेरॉइड होतं. हे मलम लावल्यावर चार दिवस कातडी उजळते, म्हणून लोक लावतच राहतात. मग ती पातळ होते, लाल होते, वर पुन्हा पुरळ येतं, आणि मलम थांबवलं की भडकते. 2018 मध्ये सरकारनं अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम केला. नियम कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर.

शेवटी काकू काकांना घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरबाई तरुण, काकूंच्या मुलीच्या वयाच्या. पुढचं मला काकूंनीच सांगितलं, त्यामुळे डॉक्टरबाईंच्या वाक्यांना काकूंचा थोडा तिखटपणा लागलेला असेल.

डॉक्टरबाईंनी भिंगातून बघितलं आणि विचारलं, "काका, उन्हात फार काम केलंत?"

काकू म्हणाल्या, "तीस वर्षं. मी सांगत होते टोपी घाला."

"सिगारेट?"

"विडी," काकू म्हणाल्या. काकांना बोलायला अजून वाव मिळालेला नव्हता.

डॉक्टरबाईंनी सांगितलं की उतारवयातले हे डोळ्यांभोवतीचे ब्लॅकहेड उन्हानं कातडी जून झाली की येतात, विडी-सिगारेटनं त्यात भर पडते, आणि याला फाव्र-राकूशो अशा फ्रेंच डॉक्टरांच्या जोडनावानं ओळखतात. काकूंना पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवऱ्याचं काहीतरी परदेशी निघाल्याचं समाधान झालं.

"घरी काढले तर चालतील?"

"काढूच नका."

"नाही, पण समजा काढलेच तर?"

डॉक्टरबाईंनी काकूंकडे नीट बघितलं. काढणाऱ्या पक्षाचा कार्यकर्ता समोर आला की अनुभवी डॉक्टर ओळखतो. बंदी घालून उपयोग नाही, नियमच घालावे लागतील.

मग नियम सुरू झाले. लाल, सुजलेला, दुखणारा असेल तर बोटही लावायचं नाही. व्हाइटहेडला टोचायचं नाही, त्याला तोंड नसतं. नाकाच्या मुळापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणात तर दाबादाबी नाहीच, कारण तिथल्या शिरांचा संबंध डोळ्यामागून कवटीच्या आतल्या मोठ्या शिरेशी आहे. तिथला संसर्ग आत जाणं फार क्वचित घडतं, पण घडलं तर प्रकरण ब्लॅकहेडचं राहत नाही.

"त्रिकोणातच तर सगळे असतात," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच सांगतेय. बाकी गालावर, कपाळावर उघड्या तोंडाचा असेल तर आंघोळीनंतर, हात साबणानं धुऊन. नखं नाहीत."

"नखं नाहीत?" इथे काकूंचा आवाज पडला.

"आणि साडीची पिन अजिबात नाही. दांडीच्या टोकाला तारेचा वेढा असलेलं एक्स्ट्रॅक्टर मिळतं, ते स्पिरिटनं पुसून घ्यायचं, वेढा ब्लॅकहेडभोवती ठेवायचा आणि हलकेच सरळ खाली दाबायचं. एकदा, फार तर दोनदा. नाही आला तर सोडून द्यायचं."

"सोडून द्यायचं म्हणजे?"

"म्हणजे सोडून द्यायचं."

काकू म्हणतात, एवढं अवघड पथ्य त्यांना डायबेटिसच्या डॉक्टरनंही सांगितलं नव्हतं.

आता खरा उपाय. तो इतका बिनरसाचा आहे की त्याचा व्हिडिओ कुणी बघणार नाही. सॅलिसिलिक आम्ल, दोन टक्के किंवा त्याहून कमी. ते तेलात विरघळतं, त्यामुळे तेलानं भरलेल्या छिद्रात शिरतं आणि एकमेकींना धरून बसलेल्या पेशी सुट्या करतं. आधी एक दिवसाआड लावून बघायचं, कातडीनं तक्रार केली नाही तर रोज. त्यानं भागलं नाही तर अ‍ॅडापॅलीनसारखं रेटिनॉइड. अमेरिकेत ते 2016 पासून दुकानात सहज मिळतं, आपल्याकडे डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं, आणि तेवढंच सगळ्या चेहऱ्याला पुरवायचं. जास्त लावल्यानं लवकर गुण येत नाही, सालपटं मात्र लवकर निघतात. दिवस राहिलेल्या किंवा राहण्याचा बेत असलेल्या बाईनं ते लावायचं नाही. सकाळी सनस्क्रीन. आणि मग वाट बघायची. आठ ते बारा आठवडे.

"बारा आठवडे रोज लावायचं आणि निघताना काहीच दिसणार नाही?" काकूंनी विचारलं.

"काहीच नाही. एक दिवस लक्षात येईल की नाहीयेत."

हे ऐकून काकांना प्रथमच बरं वाटलं. काकूंना नाही. त्यांच्या मते ही लबाडी होती.

याच भेटीत भाचीच्या कपाळाचाही निकाल लागला. ती काकूंबरोबर गेली होती. तिच्या नाकावर काही नाही, पण केसांच्या कडेकडेनं कपाळभर बारीक पुटकुळ्या आणि ठिपके. डॉक्टरबाईंनी बघताक्षणी विचारलं, "तेल कुठलं लावतेस?" खोबरेल, दर शनिवारी रात्री, आईच्या हातचं, मानेवर ओघळ येईपर्यंत. केसांना लावलेलं तेल कपाळावर उतरतं आणि छिद्रं बुजवतं. 1970 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केसांना पोमेड चोपडणाऱ्यांच्या कपाळांचा असाच अभ्यास करून त्याला नाव दिलं. आपल्या घरांत ही कपाळं पिढ्यान्‌पिढ्या होती, अभ्यास तेवढा राहिला. भाचीची आई अजूनही ऐकत नाही. खोबरेलावर आरोप करणारी डॉक्टर मराठी असूच शकत नाही, असं तिचं मत आहे. मी यात पडत नाही. तेल लावून तासाभरानं धुवावं, कपाळाला टॉवेलची पट्टी बांधावी, एवढं सुचवून पाहिलं.

तेलाला पर्याय म्हणून भाचीनं बाटल्या बदलल्या. सगळ्यांवर 'नॉन-कॉमेडोजेनिक' लिहिलेलं, म्हणजे छिद्रं न बुजवणारं. हे ठरवलं कसं? मूळ पद्धतीत सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला तो पदार्थ रोज लावायचा आणि किती बुचं धरतात ते बघायचं. त्यावरून पदार्थांना शून्य ते पाच गुण पडले आणि तीच कोष्टकं अजून फिरताहेत. सशाचा कान माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी हळवा, आणि त्याच्या कानाला जे सोसत नाही ते तुमच्या गालाला सोसू शकतं. उलटही. तेव्हा बाटलीवरच्या या शब्दाला फार भुलू नये. ससा मोकळा झाला असेल तर चांगलंच आहे.

पार्लरचा उल्लेख राहिला तर तिथल्या ताई रागावतील. क्लीन-अपला गेलं की चेहऱ्यावर हात फिरवत त्या विचारतात, "आधी कुठे करत होता?" उत्तर काहीही असो, पुढचं वाक्य ठरलेलं. "वाट लावलीये स्किनची." मग पिन निघते. ती पिन आपल्यासमोर निर्जंतुक करायला सांगावं, संकोचू नये. आणि स्वतःचं किंवा भावाचं लग्न परवावर आलेलं असताना पहिल्यांदाच क्लीन-अप करून घेऊ नये. हळदीच्या फोटोंत हळद कुठली आणि सूज कुठली हे नंतर कळत नाही.

काकांचे गाल हळूहळू निवळताहेत. काकू रोज रात्री वाटाणा मोजून देतात. पण हात रिकामे झाल्यानं त्या बेचैन होत्या, आणि अशाच एका बेचैन सकाळी काका बनियन बदलत असताना त्यांना पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली, एक मोठं काळं छिद्र दिसलं. एकटंच. भोवती काही नाही. काकूंनी माझ्या बायकोला फोन करून सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "इतकी वर्षं पाठ दिली हो यांनी मला, आणि मी बघितलंच नाही!"

या खेपेला मात्र त्यांनी हात लावला नाही, हे त्यांच्या मोठेपणात मांडलं पाहिजे. डॉक्टरबाईंनी सांगितलं, हे रुंदावलेलं छिद्र आहे, विनर नावाच्या डॉक्टरनं 1954 मध्ये त्याचं वर्णन केलं. वयस्कर माणसांच्या पाठीवर किंवा चेहऱ्यावर असं एखादंच असतं, निरुपद्रवी असतं, दाबून आतलं काढलं तर पुन्हा भरतं. ठेवलं तरी चालेल. काढायचंच असेल तर जागा बधिर करून छिद्र भिंतीसकट काढावं लागतं आणि एखादा टाका पडतो.

काका म्हणाले, "ठेवू या."

काकू म्हणाल्या, "काढू या."

काढायचं ठरलं. शनिवारची वेळ मिळाली. डॉक्टरबाईंनी आत एका नातेवाइकाला थांबायची परवानगी दिली. काकू जवळचा आणि लांबचा असे दोन्ही चष्मे घेऊन गेल्या. सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटोपलं. काका पालथे पडून भिंतीवरचा औषध कंपनीचं कॅलेंडर वाचत होते. काकूंनी डॉक्टरबाईंना विचारलं, "काढलेलं घरी न्यायला मिळेल का?"

"नाही काकू, ते तपासणीला लॅबमध्ये जातं."

"रिपोर्टबरोबर फोटो येतो?"